सर्टिफिकेट दर्यावर गेलं

कोळणी एकत्र बसल्या की टोपलीतले मासे संपतात, किस्से संपत नाहीत. मी चौथी शिकलेली, म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात. हे करोनाच्या लशीच्या वेळचे.

*

बोईसरजवळच्या आमच्या मार्केटात नवा नियम आला: दोन डोसचं सर्टिफिकेट नसेल तर गेटातून आत नाही. जुना नियम होताच, दोन दिवस जागा रिकामी दिसली की तिसऱ्या दिवशी ती दुसरीला. आम्ही चौघी नवापूरवाल्यांनी डोस दोन्ही घेतले होते. पण चौघींची नोंदणी आमच्यातल्या हिरूमावशीच्या मुलाच्या मोबाईलवर, आणि तो बोट घेऊन आठ दिवस दर्यावर.

वॉचमनने विचारलं, "मोबाईल किधर है?"

मावशी म्हणाली, "समुंदर में."

"गिर गया?"

"गिरेगा कायको? मच्छी पकडने गया है."

*

मग आधार कार्ड दाखवलं. वॉचमन फोटो बघतो, मावशीला बघतो, परत फोटो बघतो. ये आप नहीं लगतीं, म्हणाला.

"मलापन तेच वाटतं," मावशी म्हणाली. "पन रेशन तिलाच देतात."

*

दुसऱ्या दिवशी सायबर कॅफे. ओटीपी मागवला, तोही दर्यावर गेला. नंबर बदलायला आधार सेंटरात गेलो, तर मशीन मावशीचा अंगठा घेईना. बर्फाने आणि विळीने बोटावर रेघ म्हणून ठेवली नव्हती.

"माशांची खवलं काढता काढता माझीपन निघाली," ती म्हणाली. पण हसली नाही. मार्केटातली जागा सासूकडून आलेली होती, चाळीस वर्षांची.

*

तिसऱ्या दिवशी मावशीच्या जागेवर दुसरीची टोपली आलेली, गेटातून दिसत होती. मी मार्केटच्या मुकादमाला विचारलं, गिऱ्हाइकांकडे सर्टिफिकेट का मागत नाही? म्हणाला, गिऱ्हाईक म्हणजे देव.

मी म्हटलं, "मग देवाला मासे तूच कापून दे."

तेवढ्यात आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर बोंबील घ्यायला आल्या. मुकादमाने विचारलं, ह्यांना ओळखता का?

"हिरूबाईंना? सुई टोचल्यावर मला दिलेल्या शिव्या मी रिटायर होईपर्यंत विसरणार नाही. दोन्ही वेळा दिल्यात."

मुकादमाला पुरावा हवा होता. सिस्टरांनी तिथूनच केंद्रात फोन लावला, रजिस्टर काढायला सांगितलं, स्पीकर चालू केला. चौघींची नावं, दोन-दोन डोस, सगळ्या मार्केटने ऐकलं. मावशी सरळ आत शिरली. ती दुसरी टोपली मी स्वतः उचलून बाजूला ठेवली.

सिस्टर मात्र फोन ठेवेनात. म्हणाल्या, "आणि आपल्या मुकादमसाहेबांचं नाव बघ गं. पहिल्या डोसनंतर परत आल्याचं मला आठवत नाही."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. मग, "एकच हाय, सिस्टर."

मुकादम मुकाट्याने गेटाबाहेर जाऊन उभा राहिला.

मावशीने जागेवरूनच हाक मारली, "आत ये रे बाबा. उन्हात नको उभा राहू."