सुंदराबाईंचा पेटका

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात जीन्स शिवणारा एक कारखाना होता. तिथे सुंदराबाई पँटींचे सुटलेले धागे कापायच्या. जितका हात चाले तितकंच तोंडही. संधिवातानं त्यांना चाळिशीतच गाठलं होतं. सकाळी बोटं सुजलेली असायची, पावलं टेकवली की खड्यांवर उभं राहिल्यासारखं वाटायचं. गोळ्या, गरम पाणी आणि थोडा धीर, एवढ्यावर दिवस सुरू व्हायचा. त्याची त्यांना सवय झाली होती. सवय होईना ती पेटक्याची. तो काही कळवून येत नसे. एकाएकी तळपाय आतून आवळायचा, अंगठा एकीकडे आणि बाकीची बोटं दुसरीकडे जायची. मग सुंदराबाई असतील तिथेच खांबासारख्या उभ्या.

इलाज सांगणारे पुष्कळ. शेजारणीनं काशाच्या वाटीनं तळपाय घासून दिले. कारखान्याचा सिंधी मालक म्हणाला, "अम्मा, केला खाओ." वाटीही झाली, केळीही झाली, पेटका आपल्या मर्जीनं येत राहिला. डॉक्टरांनी समजावलं, सांधे सुजले की चाल बदलते, मग पायाचे स्नायू भलतीकडून ओढले जातात. "हे दुखणं आता सोबतीला राहणार," ते म्हणाले.

"सोबतीला राहतंय तर भाकऱ्या तरी थाप म्हणावं त्याला," सुंदराबाई म्हणाल्या.

सत्त्याऐंशी साली त्यांच्या मुलासाठी, जयदेवसाठी, बदलापूरची मुलगी पाहायचं ठरलं. जयदेव आनंदनगरच्या एका कारखान्यात फिटर होता. निघायच्या आधी सुंदराबाईंनी बापलेकांना बजावलं, "माझ्या दुखण्याचा एक शब्द काढायचा नाय. त्यांना वाटेल, सासू आजारी म्हणून फुकटची नर्स न्यायला आलेत."

"आणि तिथे पेटका आला तर?" नवरा शिवराम म्हणाला.

"आज नाय येणार," सुंदराबाई म्हणाल्या, जणू पेटक्याशी बोलणं झालं होतं.

बदलापूरला मुलीच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली चटई अंथरलेली. मुलीचे वडील नव्हते, घरात शब्द चाले तो तिच्या मामांचा, आण्णांचा. आण्णा चळवळीतले, भाषणाची सवय असलेले. त्यांच्याकडे पाणी मागितलं तरी आधी प्रस्तावना यायची. मुलगी विशाखा पोह्यांच्या बशा घेऊन आली, जयभीम म्हणाली आणि समोर बसली. उंच, काटक, कोपरावर खरचटल्याची पट्टी. पट्टी कसली ते कुणी विचारलं नाही.

सुंदराबाई चटईवर पाय दुमडून बसल्या होत्या. पोह्यांचा पहिला घास तोंडात गेला आणि उजवं पाऊल आवळलं. त्यांनी बशी खाली ठेवली, पाय सरळ केला. डोळे मोठे झाले, ओठ मिटले. तोंडात घास, बोलायची सोय नाही. विशाखाच्या आईनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. मुलगी पसंत नाही, असंच तिला वाटलं.

विशाखानं मात्र पावलाकडे पाहिलं. पुढे सरकून तिनं ते दोन्ही हातांत धरलं आणि डोकं खाली घातलं.

आण्णा ताठ झाले. "विशाखा, ऊठ. आपल्यात पाया पडायची पद्धत नाही."

"थांबा, मामा."

"थांबा काय? माणसानं माणसाच्या पायाशी वाकायचं नाही, हे या घरात मी शिकवलंय."

शिवरामला हे झोंबलं. तोही जुना कार्यकर्ता होता. "आम्ही कुठे पाया पडायला सांगितलं? आमच्याही घरात असलं चालत नाही," म्हणत तो उठून उभा राहिला. आण्णाही उठले. दोघं एकच मत एकमेकांना रागावून पटवू लागले. विशाखा पाय सोडेना, सुंदराबाईंचा घास गिळला जाईना.

अखेर बोटं सैल पडली. सुंदराबाईंनी घास गिळला, पाणी प्याल्या. विशाखा म्हणाली, "पाया पडत नव्हते, मामा. पेटका सोडवत होते. आमच्या कबड्डीत रोज कुणाला तरी येतो."

आण्णा आणि शिवराम खाली बसले. मग तिनं सुंदराबाईंना विचारलं, "सांधे सुजलेत तुमचे. नेहमी होतं का?"

सुंदराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. "होतं. संधिवात आहे. लपवलं आम्ही. म्हणजे मीच लपवायला लावलं."

आण्णांनी भुवई उंचावली. "म्हणजे आजारी बाईची सेवा करायला सून पाहिजे."

आतापर्यंत गप्प असलेला जयदेव बोलला. "नाही. आईचं मी करतो. पेटका आला की मीच बोटं ओढतो."

"कशी?" विशाखानं विचारलं.

जयदेवनं आईचं पाऊल धरलं आणि बोटं खाली दाबली.

"उलटं करताय," विशाखा म्हणाली. "म्हणून तर वाढत असेल. टाच धरा, बोटं वर, नडगीकडे. हळू. झटका नाही द्यायचा."

त्या दोघांचं पहिलं बोलणं असं सुंदराबाईंच्या पावलावर झालं. बाकीचे बसून पाहत होते. आण्णांनी पोहे संपवले. विशाखानं एकच अट घातली, लग्नानंतर खेळ सुटणार नाही. सुंदराबाई म्हणाल्या, "सोडलास तर तूच घरी बसून मला सल्ले देशील. खेळ बाई."

लग्न झालं. दुखणं गेलं नाही, पुढच्या काही वर्षांत हाताची दोन बोटं थोडी वाकडीही झाली. पण सुंदराबाई निजायच्या आधी भिंतीला तळवे टेकवून पाय ताणू लागल्या, कारखान्यात जमिनीऐवजी खुर्चीवर बसू लागल्या. पेटके कमी झाले. आला तरी त्या घाबरत नसत. शिव्या देत देत बोटं वर ओढायच्या.

अंबरनाथला सामना असला की जयदेव त्यांच्यासाठी घडीची खुर्ची घेऊन जायचा. खेळाचे नियम त्यांना अर्धेच समजायचे, मतं मात्र पूर्ण होती. एकदा विशाखाची चढाई बाद दिली तेव्हा त्यांनी पंचांना चष्म्याचा नंबर विचारला. पंचांनी खेळ थांबवला. "या बाई कुणाच्या सोबत आल्यात?" त्यांनी विशाखालाच विचारलं.

विशाखा बाहीनं घाम पुसत म्हणाली, "ओळखत नाही, सर."