पारूचं वय

सूर्यमाळच्या उपकेंद्रात जयवंती नर्स होती. पाड्यांवरच्या बायका दवाखान्याला भ्यायच्या, पण जयवंतीताई म्हणाली तर यायच्या. पारूच्या वेळेपासून ते बंद झालं.

पारू वीटभट्टीवरून परतली ती पोटुशी होऊनच. पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं. सासू तिला उपकेंद्रात घेऊन आली. जयवंतीनं रक्तदाब दोनदा मोजला; फार वाढलेला होता. आजच्या आज हिला जव्हारला न्यायला हवं, असं तिनं सासूला, गोजाबाईला सांगितलं आणि वय विचारलं. पारू सोळा म्हणाली. गोजाबाईनं तिला कोपरानं ढोसलं.

"ताई, एकोणीस लिव ना. लगीन पंचांनी लावलंय, पळवून नाय आणली."

अठराच्या आतली मुलगी गरोदर आहे हे ठाऊक असून पोलिसांना न कळवणं, हा जयवंतीचाच गुन्हा ठरला असता. नोकरीचं भय होतंच. पण कळवलं की पारूचा नवरा देवानंद आत जाणार, हेही तिला दिसत होतं.

"मावशी, खोटं नाही लिहिणार मी. पोलिसांना कळवावं लागेल. पण पारूला मी एकटी सोडणार नाही."

गाडीसाठी फोन करून ती बाहेर आली, तर ओट्यावर कोणी नव्हतं.

आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणाले, कळवून मोकळ्या व्हा, म्हणजे आपल्यावर काही येणार नाही. तिनं कळवलं. पोलीस येऊन पारूच्या घराचं कुलूप पाहून गेले. मुलीच्या रक्तदाबाचं काय, हे कुणीच विचारलं नाही. जयवंती पाड्यावर चढून गेली तेव्हा शेजारणींनी तोंडं फिरवली. वांगणीला गेलेत पाहुण्यांकडे, एवढंच म्हणाल्या.

पारू वांगणीला नव्हतीच. डोंगरावरच्या शेतातल्या झोपडीत, झापात, लपवली होती. एका दुपारी देवानंद स्वतःच धापा टाकत उपकेंद्रात आला. पारूला झटके येत होते. पोलीस शोधताहेत हे माहीत असूनही तो आला होता. जयवंती इंजेक्शन घेऊन त्याच्यामागे धावली. पारूला डोलीत घालून त्यांनी रस्त्यावर आणलं, तिथून जीपनं जव्हारला.

पारू वाचली. बाळ गेलं. देवानंदला पोलिसांनी दवाखान्याच्या फाटकातच धरलं.

"तुज्याकडं आलो तीच चूक झाली," गोजाबाई म्हणाली.

मोखाड्याला तालुक्याच्या आरोग्य बैठकीत जयवंती उभी राहिली. कायदा मुलींसाठीच आहे आणि तो हवाच, पण त्याच्या भीतीनं मुली उपचाराला येणार नसतील तर आम्ही काय करायचं, असं तिनं विचारलं. साहेब म्हणाले, ते आपल्या हातात नाही; आणि लसीकरणाचा विषय घेतला. ती बसली.

आता पाड्यावरच्या प्रमिलाचे दिवस भरत आलेत. चांगली पंचविशीची बाई, तिला कसलं भय? तरी ती पाण्याला जाताना उपकेंद्राला वळसा घालून जाते.