एकच नोंद ठेवा

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आयटीतला माणूस मी... मशीन बिघडलं की कारण असतंच, शोधायचा कंटाळा करू नये, हे ज्युनिअर्सना ऐकवून ऐकवून त्यांचे कान किटवलेत.

वसईत माणिकपूरला एका कंपनीत मी सिस्टीम्स बघतो. गिरीज, गास इकडच्या वाड्यांमधली केळी-भाजी मुंबईत घरपोच द्यायची, हा धंदा. तो एवढा फोफावला की ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. मग मालकांनी बड्या कंपन्यांत असतात तसले दोन सर्व्हर घेतले. एकावर केलेला बदल त्याच क्षणी दुसऱ्यावर — एक बंद पडला तरी काम थांबणार नाही. काय मिरवायचो मी त्यांच्यावरून.

शेतकऱ्यांची यादी चढवताना मेसेज आला : दोन नोंदी सारख्या, एकच ठेवा. इनास, गिरीज. नाव, आडनाव, घर, सगळं तेच. मी साताऱ्याकडचा, इकडे नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात हे मला कुठे माहीत? जुनी नोंद ठेवली, नवी उडवली आणि जेवायला गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी इनासची बायको सँड्रा आली, कडेवर आठ महिन्यांची मुलगी.

"सर, इनासचा अ‍ॅप उघडत नाय. आनि... तो टेम्पो चालवत नाय. येत नाय बोलतो. आजोबांसारखा पाय ओढतो. सोताच्या आईला सून समजतो."

"आजोबा कुठे असतात?"

"तीन वर्षं झाली त्यांना जाऊन."

डॉक्टरांना दाखवलं होतं, रिपोर्ट नॉर्मल. मी यादी उघडली. उरलेली नोंद आजोबांची होती. हा योगायोग, असं स्वतःला बजावलं, तरी दुसरा सर्व्हर बघितला. माझी चूक त्याने इमानेइतबारे उतरवून घेतली होती. जुना कॉम्प्युटर पुसून भंगारात गेलेला. शेवटी कपाटात एक हार्ड डिस्क सापडली, त्यात दोन वर्षांपूर्वीची कॉपी. त्यानंतर कॉपी काढायची मीच टाळत आलो होतो.

आजोबांची नोंद काढली, त्या कॉपीतली नातवाची परत घातली. बाहेर चर्चची बाराची घंटा वाजत होती. तेवढ्यात सँड्राला सासूचा फोन आला — इनास टेम्पोची किल्ली मागतोय. सँड्रा रडायलाच लागली. मीही तिच्यासोबत रिक्षाने गिरीजला गेलो.

इनास टेम्पो धूत होता. मला बघून हसला. "काय साहेब, आज वाट चुकलात?" तोच आवाज, तीच थट्टा. मला एवढं हायसं वाटलं...

मग त्याने सँड्राकडे बघितलं आणि अदबीने बाजूला झाला. घराकडे वळून आईला हाक मारली, "मम्मी, पाहुणे आलेत." मुलीच्या गालाला बोट लावून म्हणाला, "गोड हाय. कोनाची?"

त्यांच्या लग्नाला पावणेदोन वर्षं झाली होती.

याला चार महिने उलटले. त्याला फोटो दाखवले, फादरांनी लग्नाचं रजिस्टर दाखवलं. तो ऐकून घेतो, मान हलवतो, पण आठवत काहीच नाही. कारण मला आजही सापडलेलं नाही. दर रविवारी चर्चमधल्या मिसानंतर सँड्राचा फोन येतो, "सर, लग्नानंतरची एखादी कॉपी असंल ना कुठं?"

नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी "बघतो" म्हणतो.