मारामारीचे पिक्चर मले काहून आवडतात

मले मारामारीचे पिक्चर आवडतात. रक्त निघालं पायजे, हाड मोडल्याचा आवाज आला पायजे. ऑफिसातल्या बाया नाक मुरडतात, "छी दीदी, आप ये सब देखती हो?" हव, देखती हूँ. त्यात मारणाऱ्याले शेवटी मार बसते. आणखी काय पायजे माणसाले?

पुस्तकं मी कमी वाचते, पण सोशीक बाईची गोष्ट निघाली का माझं डोकंच सटकते. नवरा मारते, बाई चुलीपाशी रडते, शेवटच्या पानावर त्याले पश्चात्ताप होते आणि लेखक सुटते. असं एक पुस्तक मी भिंतीवर असं फेकून मारलं का त्याची शिवणच उसवली. लायब्ररीचं होतं, तसंच नेऊन दिलं.

आणि जुनी प्रेमाची गाणी मोठ्या आवाजात माझ्यासमोर लावूच नका. माझ्या मोठ्या बहिणीचं, ताईचं, सासर बीरगावचं. जीजा कारखान्यात. ताईले माराच्या आधी तो दार लावे आणि स्पीकरवर असंच एखादं गोड गाणं फुल आवाजात सोडे, म्हणजे तिचं ओरडणं बाजूच्या खोलीत जाऊ नये. शेजारी म्हणत, जोडी मोठी शौकीन आहे. ताईनं हे सांगितलं तेव्हा मी घरातला रेडिओ उचलून अंगणात आपटला.

आईनं मात्र मानलं नाई. "गाण्याचा इतका शौक असलेला माणूस मारंल काहून? थोडा चिडका आहे, सुधरंल." आईचं सारं शिक्षण पिक्चरातलं. तिच्या पिक्चरात बायको पाय धरते, मागून व्हायोलिन वाजते आणि नवरा सुधरते. ताई दोनदा रडत घरी आली. दोन्ही वेळा आईनं समजूत घालून तिले परत धाडली.

मग तीजा आला. इकडं तीजाले लेकी माहेरी येतात, नवऱ्यासाठी उपास धरतात आणि माहेरची नवी साडी घेऊन परत जातात. आम्ही विहारात जाणारी माणसं, आमच्यात असले उपास नाई. पण आमच्या पाऱ्यात, बूढापारा मोहल्ल्यात, साऱ्यांच्या लेकी येतात, मग आपलीच काहून राहावी, म्हणून आई साडीपुरता तीजा पाळते. आणाले भाऊ जाते. आमच्यात भाऊ नाई, बाबाही गेलेले. मीच स्कूटी घेऊन गेली. मागं बसतानी ताईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला तर बांगड्यांच्या वर सारं काळंनिळं. रस्ताभर मी जीजाले शिव्या देत गाडी हाकलली. ताई म्हणे, "हळू चालव वं, मले मरायचं नाई."

तीजा झाला आणि जीजा न्याले आला. आईनं गोल बाजारातून आणलेली साडी पिशवीत घातली. मी म्हणलं, "आई, ती जाणार नाई."

"तीजाले आणलेली लेक ठेवून घेतली तर पारा काय म्हणंल?"

जीजा सोफ्यावर पाय पसरून टीव्हीवर पिक्चर पाहून राहिला होता. त्यात हिरो हिरोईनले थापड मारते आणि ती त्याच्याच गळ्यात पडते. जीजा हसला, "देखो, यही तो प्यार है." ताईनं उठून टीव्ही बंद केला.

आणि त्यानं मारलं. आमच्या घरात, आमच्यासमोर, सवयीनं. हे आपलं घर नव्हे, हेही त्याच्या ध्यानात राहिलं नसंल. पिक्चरातली थापड धाडकन वाजते, ती खोटी. खरी बारीक वाजली, ओला कपडा आपटल्यासारखी. ताईचं डोकं दाराच्या कडीवर आदळलं.

मी उठेपर्यंत आई पोचली होती. हातात लाटणं. पिक्चरात कोंबडी कापली तरी डोळे झाकणारी माझी आई! पहिला घाव मनगटावर, दुसरा तोंडावर. त्याचा ओठ फाटला, रक्त सोफ्यावर सांडलं. "मम्मी, पागल हो गई क्या!" तो ओरडून राहिला आणि आई एक शब्द न बोलता मारून राहिली. मी त्याची कॉलर धरून त्याले दाराबाहेर ढकललं. पायऱ्यांवरून तो गुडघ्यावर पडला. सारा पारा गोळा झाला. मले लय बरं वाटलं, खोटं काहून बोलू?

दार लावलं. आईनं लाटणं खाली ठेवलं आणि ताईच्या कपाळाचं रक्त पदरानं पुसलं. "लय लागलं का वं, बाई?"

ताई म्हणे, "आई, इतक्या सालात हे तू आज पहिल्यांदा विचारलं."