माझा मिरचीचा प्रबंध

इतिहासात एम.ए. करणाऱ्याकडे नोकरी नसते, पण किस्से पोतंभर असतात. त्यात माझा विषय ग्लोबल हिस्ट्री, म्हणजे अख्ख्या जगाचा इतिहास, आणि तो शिकायचा अमरावतीत, सहा जणांच्या वर्गात. कोणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मंग पासपोर्ट काढला काय?" वैताग येतो हो!

*

वर्गात जगाचा नकाशा आहे, पण दिसतो अर्धाच. उरलेल्या अर्ध्यापुढे लोखंडी कपाट. मॅडम समुद्रमार्ग शिकवायच्या, तेव्हा पोर्तुगीज जहाजं आफ्रिकेला वळसा घालून थेट कपाटात शिरायची!

शेवटी मी शिपाई गजाननभाऊंना म्हटलं, "कपाट सरकवा ना, मागे भारत आहे."

"ताई, त्यात जुने पेपर भरून हायेत. भारत सरकन, कपाट नाई सरकनार!"

दोन वर्षं आम्ही भारत अंदाजानेच शिकलो.

*

प्रबंधाला मी विषय घेतला, मिरची, बटाटा, शेंगदाणा अमेरिकेतून वऱ्हाडातल्या शेतात कसे आले. पातूरजवळ आमचा भाजीचा मळा आहे, म्हणजे निम्मं काम घरचंच. मॅडमनी कागद परत सरकवला.

"यात ग्लोबल काय आहे? मिरची तर मी रोज फोडणीत टाकते. दुसरं महायुद्ध घे."

"मॅडम, त्याच्यावर आधीच चार जणांनी लिहिलंय. एकमेकांचं पाहून!"

तरी नाहीच. इकडे बाबांनी फोनवर बजावलेलं, "यंदा पास नाई झाली तं शिक्षण बंद. आईसंगं बाजारात बस." मला पीएचडी करायची होती. त्या दिवशी मी हॉस्टेलवर जाऊन चक्क रडले.

*

दिवाळीच्या सुट्टीत बाजारात बसावंच लागलं. आई अकोल्याला भाजी विकते. ती भाकर खायला मागे वळली आणि दुकान माझ्या ताब्यात आलं. एक काकू मिरच्या निवडत होत्या. मला कुठलं राहवतंय!

"काकू, ही मिरची मुळात इथली नाहीच. पाचशे वर्षांपूर्वी जहाजातून आली."

काकूंनी हातातल्या मिरच्या खाली टाकल्या. "पाचशे वर्साची? मंग ताजी कोनाजवळ भेटन वो?"

आईने घास तसाच ठेवून मला हात जोडले. "माय, तू कॉलेजातच बरी!"

*

विषयावर सही घ्यायची शेवटची तारीख नेमकी चतुर्थीला आली. मॅडम डबा खात होत्या, साबुदाण्याची खिचडी. पुन्हा तेच, "पण यात बाहेरचं काय आहे?"

माझं डोकंच फिरलं. "मॅडम, डब्यात बघा! बटाटा बाहेरचा, मिरची बाहेरची, शेंगदाणे बाहेरचे. साबुदाणा ज्या कंदाचा करतात, तोही तिकडचाच. तुमच्या उपासात आपलं म्हणावं असं फक्त तूप आहे!"

मॅडमचा चमचा हवेतच थांबला. मॅडमनी डबा बंद केला, पेन मागितलं आणि सही केली.

"घे. पण माझा उपास मोडला असेल तर पाप तुले!"

*

तोंडी परीक्षा आली एकादशीला. परीक्षक पुण्याचे, त्यांचाही उपास. म्हणून नाश्त्याला कचोरी रद्द आणि खिचडी. सर एका हाताने प्लेट सांभाळत दुसऱ्या हाताने माझा प्रबंध चाळत होते. चेहरा आंबट.

"हे फारच स्थानिक झालंय हो. शेत, मिरची, बटाटा, शेंगदाणे... ग्लोबल मला कुठेच दिसत नाही. पास कसं करायचं हिला?"

असं म्हणून त्यांनी मोठा घास घेतला. माझ्या डोळ्यांपुढे अकोल्याचा बाजार उभा राहिला. मी मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघेचनात. शांतपणे उठल्या, पातेल्यातून डाव भरून घेतला आणि सरांच्या प्लेटीवर वाकल्या.

"सर, थोडं ग्लोबल अजून वाढू काय?"