उत्तर तुमच्यातच आहे

सरांना काहीही विचारा, ते आधी एक हात छातीवर ठेवायचे, डोळे किंचित मिटायचे आणि म्हणायचे, "उत्तर तुमच्यातच आहे." मुलाखतीला बूट घालू की चप्पल चालेल, असं एकदा एका पोरानं विचारलं, तेव्हाही उत्तर त्याच्यातच होतं. समोरच्या टपरीवाल्यानं पाठमोरं राहून "सर, साखर कमी टाकू का?" विचारलं, तरी तेच. टपरीवाला बिचारा क्षणभर विचारात पडायचा आणि मग नेहमीएवढीच साखर टाकायचा.

असं ठाम बोलणारा माणूस तुम्हीही कुठं ना कुठं पाहिला असेल. आमच्या वाट्याला आला तो दुकानाच्या बरोबर वर. धाराशिवात आमचं कापडाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं, गादीवर बसून माल दाखवायचं. वरच्या खोलीत सरांचा व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास होता. लोहाऱ्याकडच्या एका शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो काढला. भर मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटत असताना, हा माणूस टाय बांधून जिना चढायचा. वर पोरं एका सुरात पाय आपटून "मी करू शकतो! मी करू शकतो!" म्हणायला लागली की आमच्या छताची माती गळायची. वर आत्मविश्वास वाढला की खाली साड्या झटकाव्या लागायच्या.

तरी माझा त्यांच्यावर राग नव्हता. ते बोलायला लागले की ऐकत राहावंसं वाटायचं. विमा विकणारे, बँकेच्या परीक्षेला बसणारे, नवीन मेडिकल टाकलेले असे लोक त्यांच्याकडं यायचे आणि उतरताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरायचे. सरांचा सगळ्यात आवडता विषय म्हणजे 'ऐकण्याची कला'. "जग बोलतंय," ते म्हणायचे, "पण ऐकतंय कोण?"

मग बायपासला काचेच्या दाराचं, एसीवालं शोरूम झालं आणि आमची लग्नसराई आटली. माझं तोंड बघून सरांनी काय ते ओळखलं आणि आपणहून आमच्या माणसांना शिकवायला खाली आले. त्यांचे नियम सोपे होते. गिऱ्हाईक आलं की हसायचं. निर्णय घेणारा माणूस पहिल्या झटक्यात ओळखायचा आणि त्याच्याशीच बोलायचं, बाकीच्यांत वेळ घालवायचा नाही.

हसण्याचं काम दशरथला जड गेलं. दशरथ आमचा जुना सेल्समन. वडिलांच्या वेळेपासून तो गादीवर आहे आणि तोवर त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं ट्रायलच्या आरशापुढं उभं राहून सराव केला. पहिल्यांदा तो गिऱ्हाइकाकडं बघून हसला, तेव्हा त्या म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ह्यांच्या घरी समदं ठीक हाय न्हवं?"

दुसऱ्या नियमानं मात्र घात केला.

आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका गावातून बस्ता आला. दोन जीप भरून माणसं. लग्नाचं कापड घ्यायचं म्हणजे घरची, दारची, भावकीतली सगळी येणार, दिवसभर बसणार, चहा पिणार, एकमेकांवर रुसणार, हे आम्हाला नवीन नाही. आणि बस्त्यात पहिली साडी मानाच्या बाईची, हे तर दुकानातलं मांजरसुद्धा सांगेल. पण दशरथ हसत हसत पुढं झाला आणि त्यानं निर्णय घेणारा माणूस ओळखला. पैसे देणारा तो नवरीचा बाप. दशरथनं त्याच्यापुढं मोजक्या साड्या टाकल्या आणि विचारलं, "यातली कोणती बांधू?"

बाप गडबडला. "आमाला हाकलायलाव का काय?" मागून एक काका बोलले.

तेवढ्यात गादीच्या कडेला बसलेली एक बाई उठली. नवरीची आत्या. लेकरंबाळं नसलेली, भावाच्याच घरात आयुष्य काढलेली बाई. तिचा मान पहिला होता आणि तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आत्याबाईंनी चपला घातल्या आणि बाहेर जाऊन आमच्या पायरीवर बसल्या, दुकानाकडं पाठ करून.

आत्या रुसली म्हणजे बस्ता बांधायचा कसा? नवरीचा बाप दोनदा बाहेर जाऊन आला, तिनं मानही वळवली नाही. काका म्हणाले, "चला, बायपासला जाऊ." जीपवाल्याला हाक गेली. हा बस्ता हातातून गेला, तर वाशीकडचं एकही गिऱ्हाईक पुन्हा आमची गादी चढणार नव्हतं.

अशा वेळी सर टाय सैल करत चहासाठी खाली आले. पायरीवर एकटी बाई बसलेली बघून ते तिच्या शेजारी टेकले, रस्त्याकडं पाठ करून तिच्याकडं वळले, थोडे वाकले आणि मान हलवायला लागले. आत्याबाई आधी तुटक तुटक बोलत होत्या. एवढ्यात रस्त्यावरून वरात आली आणि अगदी सरांच्या पाठीमागं कुणीतरी फटाक्यांची मोठी माळ लावली. बस्त्याला आलेली बारकी पोरं रडायला लागली, दशरथच्या हातातलं ठाण सुटलं, मी काउंटरला धरलं. सरांची मान मात्र ज्या लयीत हलत होती त्याच लयीत हलत राहिली. माळ थांबली. आत्याबाई सरांकडं बघत राहिल्या. मग तोंडाला पदर लावून ज्या बोलायला लागल्या, त्या थांबेचनात. जीपवाला दोनदा आला आणि परत गेला.

खूप वेळानं त्या उठल्या, डोळे पुसले, आत येऊन गादीच्या मधोमध बसल्या. "हं, दाखवा आता," म्हणाल्या. बस्ता झाला, आणि दांडगा झाला. जाताना नवरीच्या बापानं सरांचे पाय धरले. "आमच्या आक्काला काय सांगितलंत वो तुमी?"

सरांनी छातीवर हात ठेवला. "उत्तर तुमच्यातच आहे."

सगळे गेल्यावर मी सरांना खांद्याला धरून माझ्याकडं वळवलं आणि अगदी तोंडासमोर विचारलं, "सर, तुम्हाला ऐकू येत नाही?"

ते माझ्या ओठांकडं बघत होते. "शाळेत असतानाच कमी होत गेलं," म्हणाले. "मला वाटायचं, आपला वर्ग किती शांत बसतो." मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग ते म्हणाले, "कुणाला बोलू नका. ऐकण्याची कला शिकवणारा बहिरा, असं गावात झालं तर वर कुलूप लागंल. घरी बसून काय करू? ही गेल्यापासून घरात ऐकायला तरी कोण आहे?"

मी कुणाला बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती, कारण त्या बस्त्यानं सरांचं नाव झालं. लोक वाशीहून, लोहाऱ्याहून ऐकण्याची कला शिकायला यायला लागले. आत्याबाईही बाजाराच्या निमित्तानं यायच्या, एसटीतून उतरल्या की सरळ आमच्या पायरीवर. सर खाली उतरायचे, वाकायचे, मान हलवायची. मी दोघांना चहा पाठवायचो. आपण आत असून काही ऐकू नये, म्हणून मी मुद्दाम पंखा वाढवायचो.

मधे पुण्याच्या लेकीनं सरांना कानाचं मशीन आणून दिलं. त्या आठवड्यात क्लासची वाट लागली. सरांना पहिल्यांदाच प्रश्न ऐकू आले आणि ते उत्तरं द्यायला लागले. बूट घालावेत की चप्पल यावर ते तासभर बोलले, चामड्यापासून सुरुवात करून. पोरं यायची थांबली. टपरीवालाही वैतागला, कारण साखरेवरही सरांचं मत निघालं. शेवटी सरांनी मशीन काढून खिशात पेनाशेजारी लावलं आणि क्लास पुन्हा भरला.

दिवाळीला ते लेकीकडं गेले, ते तिथंच गेले. झोपेतच. बातमी फोनवर कळली. त्या दिवशी मला दुकान उघडावंसं वाटलं नाही. छताची माती आता गळत नाही, साड्या स्वच्छ राहतात आणि ते मला मुळीच आवडत नाही.

नंतर एका बाजाराच्या दिवशी आत्याबाई आल्या. पायरीवर बसल्या, शेजारी सरांपुरती जागा सोडून. "सर उतरले न्हाईत अजून?"

मी सांगितलं. त्यांनी शेजारच्या मोकळ्या जागेवरची धूळ हातानं झटकली. मग म्हणाल्या, "त्यास्नी ऐकू येत न्हवतं. तुमाला म्हाईत होतं का?"

मी चाट पडलो. "तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्याच दिशी. त्येंच्या मागं एवढी माळ वाजली, मी घाबरून गेले, आन् ह्यो माणूस आपला मान हलवायलाय."

"आणि तरी तुम्ही सांगत राहिलात?"

"म्हणून तर सांगितलं. भावाच्या घरात जन्म काढलाय म्या. ऐकू येणाऱ्याला सांगितलं आन् ते घरी पोचलं, तर कुठं जाऊ?"

मी खाली उतरलो आणि सरांच्या जागी बसलो. थोडा वाकलो. मानही हलवली.

आत्याबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुमाला येतंय न्हवं ऐकू?"

"येतं."

"मग ऱ्हाऊ द्या," त्या पदरानं डोळे पुसत उठल्या. "आत चला, ब्लाउजपीस दाखवा."