शीतळामाईच्या दिवशी लसीकरण

नवऱ्याची बदली जयपूरच्या छावणीत झाली. खातीपुऱ्यात बिऱ्हाड मांडल्यावर मी नोकरी धरली ती पाहुण्यांना शहाणं करण्याची. आजूबाजूच्या देशांतले आरोग्य कार्यक्रमांचे व्यवस्थापक जगतपुऱ्यातल्या एका हॉटेलात आठवडाभर जमायचे आणि त्यांच्या प्रशिक्षणाची सगळी व्यवस्था माझ्याकडे असायची. काठमांडूच्या डॉक्टरांना कांदा-लसूण चालत नाही, कोलंबोच्या बाईंना तिखटाशिवाय घास उतरत नाही, सगळं मला तोंडपाठ. वेळापत्रक तर मी असं आखायचे की चहासुद्धा दोन मिनिटं उशिरा यायला घाबरायचा.

त्या वर्षी गुरुवारी चाकसूजवळच्या एका गावात लसीकरण बघायला जायचं होतं. आठवडाभर आधी तिथल्या नर्सबाईंचा फोन आला.

"मॅडमजी, उस दिन बासोड़ा है, शीतला माता का. सब मेले में जाएँगे. एक दिन आगे कर लो ना."

"अब तो छप गया है जी," मी म्हटलं. छापलेलं वेळापत्रक बदलायचं नाही, हा आमच्या ऑफिसचा कुळाचार.

गुरुवारी बस पोहोचली तेव्हा अंगणवाडीत नर्सबाई होत्या, लशींचा डबा होता, मूल एकही नव्हतं. अख्खं गाव शीतळामाईच्या जत्रेला, लेकरांना गोवर-कांजिण्यांपासून सांभाळ म्हणून साकडं घालायला गेलेलं. आम्हीही त्याच कामाला आलो होतो, पण माईची तारीख आमच्या आधी ठरलेली होती. त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, म्हणून नर्सबाईंनी सगळ्यांना आदल्या दिवशीच्या पुऱ्या आणि ताकात शिजवलेल्या बाजरीची गार राबडी वाढली. वाढता वाढता मला हळूच म्हणाल्या की नोकरी कंत्राटी आहे, ह्याच महिन्यात पुढचं ठरायचंय. पाहुण्यांनी राबडी पुन्हा मागून घेतली आणि तक्त्यात लिहिलं, 'उपस्थित बालके: शून्य.'

शुक्रवारी त्याच शून्याचा अभ्यास. पाच वेळा 'का?' विचारलं की दुखण्याचं मूळ सापडतं, अशी आमची पद्धत. फळ्यावर उत्तरं चढू लागली. मुलं का आली नाहीत? लसीकरण नेमकं जत्रेच्या दिवशी ठेवलं. का? नर्सने जत्रेचं कळवलं नाही. का? नर्स कामात कमी पडते. हा कागद संध्याकाळी जिल्ह्याच्या साहेबांकडे जाणार होता.

मी मागच्या खुर्चीत. पहिल्याच दिवशी 'गावातल्या कर्मचाऱ्यांचं ऐका' यावर तासभर बोलले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तरी पाच मिनिटं मी गप्प बसून राहिले. त्या पाच मिनिटांची मला अजून लाज वाटते.

मग उठले, नर्सबाईंवरच्या दोन्ही ओळी खोडल्या आणि लिहिलं, 'नर्सने आधी कळवलं होतं. मी ऐकलं नाही.'

काठमांडूच्या डॉक्टरांनी अत्यंत नम्रपणे विचारलं, "का?"

"छापून झालं होतं," मी म्हटलं. सगळा हॉल हसला. माझे कान लाल झाले, पण मीही हसले.

कागद तसाच जिल्ह्याला गेला. संध्याकाळी मी नर्सबाईंना फोन करून सगळं सांगितलं, माफीही मागितली. त्यांनी एवढंच विचारलं, "रिपोर्ट में हमारा नाम तो नहीं आया ना?"

"नहीं आया," मी म्हटलं. येणार कुठून? माझ्या फोनमध्ये त्या 'चाकसू नर्स' होत्या. त्यांचं नाव मी तोवर विचारलंच नव्हतं.